नवख्याचा न्याय

एखाद्या गोष्टीशी नुकताच परिचय झाला असता तिच्या गुणदोषांचा निवाडा करण्याचा अधिकार मनुष्यास पोहोचतो काय, हा प्रश्न जुना आहे. परंतु संगणकाच्या आज्ञाभाषा सामान्य घरांतील मुलेही शिकू लागल्यापासून त्यास नवी धार आली आहे. सी भाषेत मुरलेला तरुण पायथनकडे वळतो आणि आठ दिवसांत ‘ही कसली भाषा!’ असा निकाल देऊन मोकळा होतो. उलटपक्षी जाणते म्हणतात, ‘आधी दहा वर्षे काम कर, मग बोल.’ आमच्या मते हे दोन्ही पक्ष अर्धेच खरे आहेत.

नवखा मनुष्य रिकाम्या हातांनी येत नाही. जुन्या भाषेचे माप तो बरोबर घेऊन येतो. याचे उदाहरण वाशीम जिल्ह्यातच सापडते. कारंजा येथील जैन ग्रंथमालांतून दहाव्या शतकातील पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ 1931 साली डॉ. प. ल. वैद्य यांनी, व ‘णायकुमारचरिउ’ 1933 साली प्रा. हीरालाल जैन यांनी संपादून प्रसिद्ध केले. या काव्यांच्या भाषेस अपभ्रंश, म्हणजे ढळलेली, असे नाव आहे. पतंजलीच्या महाभाष्यात हा शब्द ‘गौः’ याऐवजी लोकांच्या तोंडी असलेल्या ‘गावी’, ‘गोणी’ अशा रूपांस लावला आहे. पुढे तोच एका समृद्ध साहित्यभाषेच्या कपाळी कायमचा बसला. हे नाव म्हणजे वर्णन नव्हे, निकालपत्र आहे, आणि ते संस्कृताच्या उंबरठ्यावर उभे राहून लिहिलेले आहे. वास्तविक प्रत्येक भाषेचे काम निराळे असते. वाशीम येथे मिळालेल्या वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आहे, तर दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात आहे. लिहविणाऱ्याने एकीच्या मापाने दुसरीस हिणवले नाही. दोघींसही काम दिले.

संगणकभाषांतही हेच घडते. सी व पायथन या दोन्ही भाषांत यादीतील पहिल्या वस्तूचा क्रमांक एक नसून शून्य असतो. नवख्यास हे विपरीत वाटते, कारण तो मोजणीचा विचार करतो. भाषा मात्र अंतराचा विचार करीत असते. वाशिमापासूनचे मैल सांगणाऱ्या दगडांची गणना वाशिमात शून्यापासूनच सुरू व्हावयाची. तद्वत पहिली वस्तू यादीच्या आरंभापासून शून्य अंतरावर असते. एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने 1982 साली लिहिलेल्या टिपणात शून्यापासून मोजण्याचे समर्थन केले आहे. कारण समजताच येथे तक्रार विरघळते.

परंतु सर्वच तक्रारी अशा विरघळत नाहीत. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत सातास दोहोंनी भागल्यास उत्तर साडेतीन न येता तीन येई. पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच असावा, ही सी भाषेतील रीत होती. तेथे ती शोभत असे, कारण सी भाषेत संख्येची जात आधी जाहीर करावी लागते. पायथनमध्ये तसे जाहीर करावे लागत नाही. त्यामुळे तेच सूत्र कधी तीन तर कधी साडेतीन असे उत्तर देई आणि चूक निमूटपणे आत शिरे. कारण समजल्यावरही येथे तक्रार उरली. अखेर 2008 च्या तिसऱ्या आवृत्तीत ही रीत बदलण्यात आली. अर्थात, येथे परक्या मापास चिकटून बसली होती ती भाषाच. शाळकरी गणित घेऊन आलेला नवखा बरोबर होता.

यावरून आम्हांस एक कसोटी सुचते. दोष दिसताच त्याचे कारण शोधावे; कारण समजल्यावर जो दोष नाहीसा होतो तो आपल्या दृष्टीचा, आणि जो उरतो तो वस्तूचा. ‘होईल हळूहळू सवय’ हे मात्र उत्तर नव्हे. सवयीने कुचका दरवाजाही नीट उघडता येतो, म्हणून सुतार निर्दोष ठरत नाही. शिवाय दहा वर्षे घालविलेला मनुष्य केवळ साक्षीदार उरत नाही; तो पक्षकार झालेला असतो. आपले श्रम व्यर्थ नव्हते, हे त्यास सिद्ध करावयाचे असते.

हा केवळ तार्किक वाद असता तर त्यासाठी आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. परंतु रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या मराठी शाळेतून आलेली मुलगी जेव्हा प्रथमच अशी भाषा शिकते, तेव्हा तिच्यापाशी जुने मापच नसते. ती भाषेस नावे ठेवीत नाही. अडखळली की स्वतःस नावे ठेवते. ‘ही भाषा वाईट’ असे म्हणणारा उतावळा एक वेळ पुढे सुधारेल. परंतु ‘मीच मंद’ असा निकाल स्वतःवर देऊन जी वर्गाबाहेर जाते, तिच्या निकालावर अपील कोठे करावयाचे? तिची तक्रार ऐकून घेणे आणि तिला वयाचा अधिकार न दाखविता कारण दाखविणे, हे शिकविणाऱ्याचे कर्तव्य आहे.

म्हणून नवख्याने आपली शंका त्याच दिवशी टिपून ठेवावी, कारण ती दृष्टी फार दिवस टिकत नाही. निकाल मात्र मागाहून लिहावा. आणि जाणत्याने ते टिपण आदराने वाचावे, कारण जे त्यास दिसेनासे झाले आहे, ते कदाचित त्यातच असेल.