मूल, मरण आणि सत्य : करुणाच्या नीतीचा प्रश्न

करुणरसाच्या आस्वादातून आनंद कसा निष्पन्न होतो, हा प्रश्न मराठी समीक्षेने दीर्घकाळ चर्चिला आहे. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनात मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना हा या चर्चेतील महत्त्वाचा टप्पा होय. रसिक पात्राशी तादात्म्य पावतो, परंतु स्वतःचे भान गमावत नाही; आनंदाचा उगम या दुहेरी अवस्थेत आहे, असे तिचे सार सांगता येईल. या चर्चेत ‘आनंद कसा मिळतो’ हे विचारले गेले. ‘तो घेण्याचा अधिकार रसिकाला कोठून मिळतो’ हे मात्र फारसे विचारले गेले नाही. मृत्यूने वा असाध्य आजाराने वेढलेले मूल जेव्हा चित्रपटाच्या केंद्रस्थानी येते, तेव्हा हा दुसरा प्रश्न टाळता येत नाही.

अशा चित्रपटात प्रेक्षकाला जे ठाऊक असते ते मुलाला ठाऊक नसते. मूल हसते, खेळते, उद्याचे बेत आखते, आणि तो उद्या येणार नाही हे जाणणारा प्रेक्षक हेलावतो. म्हणजे येथील अश्रू ज्ञानाच्या विषमतेवर उभे असतात. शोकात्मिकेतही ही विषमता असते. पण ईडिपसला अखेरीस सत्य कळते आणि तो प्रेक्षकाच्या बरोबरीला येतो. मुलाला ते कळूच दिले नाही, तर ते शेवटपर्यंत दयेचा विषय राहते. आपल्या दुःखाचा स्वामी होत नाही. करुण आणि भावविवश यांतील भेद पुष्कळदा शैलीचा मानला जातो. वस्तुतः तो नैतिक भेद आहे.

संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ (२००४) या चित्रपटाची जातकुळी या कसोटीवर स्पष्ट होते. कोकणातून पुण्यास आणलेल्या परशुरामला दृष्टिपटलाचा कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. मुलाला हे कोणी आणि कसे सांगावे, या पेचाला येथे आजाराइतकेच स्थान आहे. आजोबा नातवाला इस्पितळातून नेऊन जग दाखवतात, ही कृती म्हणूनच केवळ हृद्य ठरत नाही. जे जाणार आहे ते डोळे भरून घेण्याचा मुलाचा हक्क तीत मान्य केलेला आहे.

मकरंद माने यांच्या ‘रिंगण’मध्ये (निर्मिती २०१५, प्रदर्शन २०१७) आजार केंद्रस्थानी नाही, पण पेच तोच आहे. आई देवाघरी गेली असे सांगितलेला अभिमन्यू, देवाचे घर पंढरपुरात म्हणून, सोलापूर जिल्ह्यातल्या या क्षेत्री तिला शोधू लागतो. वडील अर्जुन मगर कर्जाने गांजलेले शेतकरी आहेत. मोठ्यांच्या भाषेतील सौम्य रूपक मूल शब्दशः घेते आणि रूपकाचे असत्य उघडे पडते. बापलेकांची नावेही या संदर्भात अर्थपूर्ण होतात. महाभारतातील अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरण्याचे ज्ञान पित्याकडून मिळाले होते, बाहेर पडण्याचे मिळाले नव्हते. अर्धे ज्ञान देणे हे रक्षण नव्हे.

वारीतील रिंगणाशी ही स्थिती ताडून पाहण्यासारखी आहे. गोल रिंगणात धावणाऱ्या माउलींच्या अश्वावर कोणी स्वार नसतो. माउली त्यावर आरूढ आहेत, ही वारकऱ्यांची श्रद्धा असते. खोगीर रिकामे आहे हे प्रत्येकाला दिसते आणि तरीही सारे मिळून तेथे उपस्थिती अनुभवतात. ‘आई देवाघरी आहे’ या विधानातही अनुपस्थिताची उपस्थिती सांगितलेली आहे. पण येथे एकाला रिकामेपण ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही. श्रद्धा सर्वांच्या ज्ञानासमक्ष उभी राहते. जे एकाच्या अज्ञानावर टिकते, ते कितीही प्रेमाने उच्चारलेले असले तरी श्रद्धेच्या कोटीत जात नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की, सत्य पेलण्याचा अधिकार मुलाला नसतो आणि सांगण्याचे बळ दुःखी पित्याला नसते. आक्षेप गंभीर आहे. परंतु कठोपनिषदातील नचिकेत मुलगाच आहे. यमही त्याला प्रथम टाळतो. हत्ती, अश्व, सुवर्ण, दीर्घायुष्य देऊ करतो. मोठी माणसे मुलाला खेळणे देऊन प्रश्न विसरायला लावतात, त्याचीच ही भव्य आवृत्ती होय. तथापि यम खोटे सांगत नाही, आणि प्रश्न टिकून राहिल्यावर उत्तर देतो. विलंब आणि असत्य यांतील अंतर येथे दिसते. मुलाचा अधिकार वयाने ठरत नाही. तो त्याच्या विचारण्याने सिद्ध होतो.

मैत्रीचे मोल येथे लक्षात येते. पीटर हॉर्टन यांच्या ‘द क्युअर’ (१९९५) या अमेरिकन चित्रपटात रक्तसंक्रमणातून एचआयव्हीची लागण झालेला डेक्स्टर आणि त्याचा शेजारी एरिक हे दोन मुलगे आहेत. दोघांनाही आजार ठाऊक आहे. एरिक कीव करीत नाही. झाडपाल्यांत औषध शोधतो, मित्राला घेऊन नदीतून दूरच्या वैद्याकडे निघतो. अंधाराच्या स्वप्नाने घाबरणाऱ्या डेक्स्टरला तो आपला बूट उशाशी ठेवायला देतो, आणि अखेर तोच बूट शवपेटीत ठेवतो. उपाय खुळे आहेत, पण मृत्यू नाकारलेला नाही. पालक जे संरक्षणाच्या नावाखाली नाकारतो, ते मित्र सहज देतो : समान ज्ञानाची सोबत.

सविकल्प समाधीतील ‘विकल्प’ म्हणजे स्वतःचे भान. मुलाच्या दुःखासमोर त्या भानात आपल्या वरचढ ज्ञानाचेही भान अंतर्भूत व्हावे लागेल. ज्या कृतीत मुलाला आपल्या मरणाविषयी वा वियोगाविषयी विचारता येते आणि उत्तर मिळते, तेथेच रसिकाचे अश्रू ऋणमुक्त होतात. अन्यत्र ते मुलाच्या अज्ञानातून घेतलेली उसनवारी राहतात, आणि ती दाखवून देणे हे समीक्षेचे काम आहे.