दाराबाहेरचा काऊ

चार वर्षांची होते तेव्हा मी रोज रात्री आईकडे एकच गोष्ट मागायचे, चिऊ-काऊची. काऊचं शेणाचं घर पावसात वाहून जातं आणि तो चिऊच्या मेणाच्या घराशी येऊन दार वाजवतो. आत बाळाची अंघोळ चाललेली असते. मग अंग पुसणं, पावडर, काजळ, तीट, पाळणा. प्रत्येक वेळी ‘थांब जरा’, आणि काऊ आपला पावसात उभा. दमलेल्या आईने एखादी पायरी गाळली, की मी लगेच अडवायचे: तीट राहिली!

माझा धाकटा भाऊ त्याच पावसाळ्यात झाला होता. बाळंतिणीच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. फटीतून ओवा-शेपांच्या धुरीचा वास यायचा आणि आईचा आवाज, “थांब गं जरा, बाळाला न्हाऊ घालतायत.” ती खोली आणि ही गोष्ट एकमेकींना जोडायला मला चाळीस वर्षं लागली.

फ्रॉइडने 1913 साली एका छोट्या लेखात लिहून ठेवलंय, की काही माणसांच्या मनात लहानपणच्या स्वतःच्या आठवणींची जागा आवडत्या परीकथेने घेतलेली असते. त्याचा एक रशियन रुग्ण लहानपणी पडलेल्या एका स्वप्नाने पछाडलेला होता: खिडकी आपोआप उघडते आणि समोर अक्रोडाच्या झाडावर सहा-सात पांढरे लांडगे बसलेले. त्यामागे सापडलेल्या गोष्टींपैकी एक होती ग्रिमबंधूंची, लांडगा आणि सात करडांची. तिथेही दारच. करडांची आई बाहेर गेलेली आणि लांडगा आवाज बदलून दार उघडायला सांगतोय. फ्रॉइडने पुढे त्या स्वप्नाचा जो अर्थ लावला तो मला फार ताणलेला वाटतो, पण मूळ निरीक्षण नाकारता येत नाही. त्या मुलाला दार उघडण्याची धास्ती होती, मला न उघडण्याची.

ब्रूनो बेटलहाइमने परीकथांवरच्या 1976 सालच्या पुस्तकात बजावलं होतं, की एखादी गोष्ट मुलाला का आवडते हे त्याला उलगडून सांगू नये. हे मला मनापासून पटतं. ‘तुला भावाचा हेवा वाटतोय’ असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर मी शरमेने मिटून गेले असते. काऊच्या आडून मला हवं तेवढं भिजता येत होतं.

आजीच्या गोष्टीत शेवटी काऊ तापलेल्या तव्यावर बसतो आणि भाजतो. बाकीची मुलं खदखदून हसायची, मी कान झाकून घ्यायचे. आईच्या गोष्टीत मात्र चिऊ त्याचे पंख पुसून त्याला चुलीपाशी बसवायची. त्या चिऊकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी कर्नाटकात एका बाईच्या तोंडून ईडिपसच्या वळणाची एक गोष्ट ऐकली, ती मुलाची नव्हतीच, आईची होती. ते वाचलं आणि प्रथमच वाटलं, दाराच्या आतल्या बाजूलाही कुणीतरी आहे.

मग एकदा आईला विचारलं, शेवट तू मुद्दाम बदलायचीस का? तिला काही आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की त्या पावसाळ्यात मी दिवसभर उंबऱ्याशी बसून असायचे आणि सुईण तिला बाजेवरून उठू द्यायची नाही.