टीओसी पाहिला आणि तेल सापडलं?

प्रबंध टेबलावर ठेव आणि स्वतःच लिहिलेलं मोठ्यानं वाच. पन्ना शेलमध्ये सेंद्रिय कार्बन, म्हणजे टीओसी, 2 टक्क्यांच्या वर, म्हणून उत्तम सोर्स रॉक, म्हणून मुंबई हायचं तेल. झालं? दोन 'म्हणून' ठोकून मोकळा झालास!

टीओसीवरून कार्बन आहे एवढंच कळतं. तो कसला? समुद्रातल्या शैवालाचा की किनाऱ्यावरच्या झाडपाल्याचा? पन्नात कोळशाचे थरही आहेत, आणि झाडपाल्याच्या केरोजेनमधून, म्हणजे खडकात मुरलेल्या सेंद्रिय पदार्थातून, मुख्यतः वायू निघतो. कार्बन कसला ते सांगणारा हायड्रोजन इंडेक्सचा रकाना तू भरलास, पण त्यावर अवाक्षर नाही.

आता तक्त्यातली सातवी ओळ बघ. टीमॅक्स 424 अंश. म्हणजे खडक कच्चा, कारण तेल सुटायला साधारण 435 लागतो. मग एस-1, म्हणजे खडकात आधीच तयार असलेल्या तेलाचा आकडा, एवढा चढलेला कसा? कच्च्या खडकात तयार तेल आलं कुठून? ड्रिलिंगच्या मडमध्ये डिझेल असेल, नाहीतर तेल दुसरीकडून सरकत आलं असेल. असा नमुना द्रावकानं धुऊन पुन्हा मशीनला लावतात. तू त्याच्यापुढे 'समृद्ध' लिहिलंस. डोळे मिटून लिहिलंस का?

बेसिनचा इतिहास तर अर्ध्या पानात गुंडाळलास. अरे, सुप्याचा ना तू? तुमच्या विहिरीत मुरमाखाली मांजऱ्या आणि काळा पत्थर लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तोच डेक्कन ट्रॅप तिकडे समुद्रात गाळाखाली गेलाय. किनारा ताणला, खचला, आणि त्या खड्ड्यांत पन्ना साचला. मुंबई हाय हा खड्डा नव्हे, उंचवटा आहे. 1974 साली सागर सम्राट या ड्रिलिंग रिगनं तेल शोधलं ते या उंचवट्यावर, मायोसीन चुनखडकात. ते शिजलं शेजारच्या खोलगट भागात, सुरत डिप्रेशनच्या बाजूला, आणि तिथून वर चढत आलं. आणि तू सगळा हिशोब उंचवट्यावरच्या नमुन्यांवर मांडतोस!

शिवाय चुनखडकावर शेलचं झाकण आधी बसलं की तेल आधी निघालं? झाकण उशिरा बसलं असतं तर तेल निसटून गेलं असतं. गाळ किती वेगानं साचला, कोणत्या काळात किती तापला, याचा आलेख कुठंय? खडक किती शिजला ते दाखवणाऱ्या व्हिट्रिनाइटशी पडताळा कुठंय?

सोमवारी खोलगट भागाचा तो आलेख, म्हणजे बरिअल हिस्टरी, घेऊन ये. तापमान कुठल्या विहिरीतलं घेतलंस तेही लिही. आणि ती सातवी ओळ गुपचूप खोडायची नाही. नमुना धुऊन आलेला आकडा जुन्याशेजारी मांडायचा.