भुकेल्यांची पंगत आणि आपण



पाच भाकरी आणि दोन मासे यांचा चमत्कार चारही शुभवर्तमानांत आला आहे. लहानपणापासून आपण तो ऐकत आलो आहोत. लोकांनी गावात जाऊन आपले आपण पाहावे, असे शिष्यांनी सुचवले. प्रभूने मात्र ती जबाबदारी शिष्यांवरच टाकली आणि जवळ काय आहे ते आधी जाऊन पाहायला सांगितले. मग लोकांच्या पंगती बसवल्या. भाकरी प्रभूने मोडल्या. वाढल्या मात्र शिष्यांनी.

म्हणून आधी आपण पाहू या. आपण पेण-रोह्याची माणसे, भाताच्या मुलखात राहणारी. तरीही इथल्याच डोंगरउतारांवरच्या कातकरी वाड्यांत भर पावसात चुली थंड पडतात. दिवाळीनंतर ही कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. उचल फेडता फेडता हाती फारसे उरत नाही. बहुतेकांना स्वतःची शेती नाही. भातलावणी संपली की मजुरीही थांबते. आपल्या घराच्या विटा कोणी थापल्या, हे आपण कधी विचारले आहे का?

सरकारी धान्य नाही असे नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळते. कार्ड असेल तर भट्टीच्या गावीही धान्य घेता येते. पण नव्या जोडप्याचे कार्ड निघालेले नसते. कोणाच्या मुलांची नावे चढलेली नसतात. विटा थापून बोटे झिजलेली असतात, मग यंत्रावर अंगठा जुळत नाही. तहसील कचेरीची एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ आठवा. यरुशलेमच्या ख्रिस्तसभेत काही विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते. प्रेषितांनी त्यासाठी सात माणसे नेमली. अन्न होते, वाटप चुकत होते. आपल्याकडेही तांदळाच्या पिशवीइतकीच, कदाचित तिच्याहून अधिक, सोबत चालणाऱ्या माणसाची गरज आहे.

हे काम आपण एकट्याने करायचे नाही. उल्का महाजन आणि सर्वहारा जन आंदोलनाचे कार्यकर्ते रायगडच्या आदिवासींबरोबर जमिनीच्या व रेशनच्या हक्कासाठी अनेक वर्षे झटत आहेत. वाडीतल्या कोणत्या घरातले बाळ वजनाने कमी आहे, हे अंगणवाडीताईंना ठाऊक असते. रोह्यातच १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी योगेश्वर कृषीचा मार्ग दाखवला. गावकरी पाळीपाळीने एका शेतात राबतात, ते पीक कोणा एकाचे नसते आणि त्यातला वाटा गरजूंच्या घरी प्रसाद म्हणून पोहोचतो. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. शेजारधर्मीयांकडून आपण हे नम्रपणे शिकले पाहिजे. आपण मात्र कधी कधी पिशवी देतानाचा फोटो आधी काढतो.

तर मग काय करायचे? प्रत्येक वस्तीतील दोघा-तिघांनी जवळची एक वाडी आपली मानावी. अंगणवाडीताईंना भेटून कोणाचे कार्ड नाही, कोणाचे नाव राहिले आहे, याची यादी करावी. अर्ज भरून द्यावा, कचेरीत सोबत जावे आणि काम होईपर्यंत पुन्हा पुन्हा जावे. तोवर त्या घराची चूल पेटती राहावी म्हणून रविवारी अर्पणाच्या वेळी मूठभर तांदूळ आणावा. त्यावर कोणाचे नाव नको. भट्टीवर जाण्यापूर्वी ही कुटुंबे कार्ड बरोबर नेतात ना, हेही पाहावे.

आपण प्रत्येक मिस्साबलिदानात प्रभूच्या मेजाजवळ येतो. तिथे कोणालाही रिकाम्या हाती परत पाठवले जात नाही. त्या मेजावरून उठून घरी जाताना वाटेत लागणाऱ्या वाडीकडे पाठ फिरवली, तर आपण काय स्वीकारले?

प्रभू आपले डोळे उघडो आणि आपल्या पायांना त्या वाटेने चालवो. आमेन.