फळ खाल्लं कोणी?

माझं आणि माझ्या नातवाचं एका बाबतीत पूर्ण एकमत आहे : पहाटे पाचनंतर झोपून राहणं म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय. मधल्या पिढीला हे मत मान्य नाही. त्यामुळे २०२३ साली लेकीकडे अमेरिकेत राहायला गेलो होतो तेव्हा शनिवारी सकाळी साडेसहाला दिवाणखान्यात आम्ही दोघंच असायचो. एक सात वर्षांचा, एक सत्त्याहत्तर वर्षांचा, आणि समोर टीव्ही.

शनिवारची सकाळ ही तिकडे एके काळी एक संस्थाच होती म्हणे. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून तिथल्या मोठ्या वाहिन्यांनी शनिवारची सकाळ पोरांना आंदण दिलेली. ओळीने कार्टून, मधूनमधून साखरेत घोळलेल्या मक्याच्या पोह्यांच्या जाहिराती आणि आईबाप अंथरुणात. असा सुखाचा संसार बरीच वर्षं चालला. २०१४ साली हा रतीब कायमचा बंद झाला. पण आमचे जावईबापू तिकडेच वाढलेले, त्यांचा पिंड यावरच पोसलेला. त्यांनी जुन्या कार्टूनच्या तबकड्या आपण ज्ञानेश्वरी ठेवतो तशा जपून ठेवल्या आहेत. त्यातली एक नातवाने लावली. नाव 'हाँगकाँग फूई'.

'टॉम अँड जेरी' काढणारे हॅना आणि बार्बेरा, त्यांच्याच कारखान्यातला हा माल. ७ सप्टेंबर १९७४ला, अर्थात शनिवारी, एबीसी वाहिनीवर सुरू झाला. सगळे मिळून भाग अवघे १६. त्याच्या आदल्या वर्षी ब्रूस ली वारला होता, 'एंटर द ड्रॅगन' पडद्यावर आला होता आणि जो तो हवेत लाथा मारत सुटला होता. मग कुत्र्यानेच काय घोडं मारलं होतं?

हो, नायक कुत्रा आहे. पेन्री त्याचं नाव. पोलीस ठाण्यात झाडलोट करतो आणि सार्जंट फ्लिंटची बोलणी खातो. पण टेलिफोनवर बसणाऱ्या रोझमेरीला गुन्ह्याची वर्दी आली की हा फाइलींच्या कपाटाच्या खालच्या खणात उडी घेतो आणि वरच्या खणातून मुखवटा लावून बाहेर येतो. आता तो हाँगकाँग फूई! दुष्टांचा कर्दनकाळ! कुंगफू मात्र त्याने पत्राद्वारे शिकवणीतून घेतलेलं. त्यामुळे ऐन मारामारीत तो पुस्तक उघडून पान शोधतो. आमच्या कचेरीत नियमावली उघडत असत, तसाच.

आणि त्याच्यासोबत एक मांजर. नाव 'स्पॉट', म्हणजे ठिपका. अंगावर ठिपका औषधालाही नाही, सगळे पट्टे. कपाटाच्या खणात फूई हटकून अडकतो, त्याला हेच मांजर बाहेर काढतं. पुढे चोर सापडतो तोही बहुतेक वेळा या मांजराच्या युक्तीने, आणि उरलेल्या वेळा निव्वळ योगायोगाने. फूईने चोर पकडला असं सहसा घडतच नाही. पण जयजयकार फूईचा. रोझमेरी त्याच्या नावाने उसासे टाकते, सार्जंट भारावून जातो. मांजर एकदा डोळे फिरवतं आणि पुढच्या कामाला लागतं. त्या जगात कुत्रा घडाघडा बोलतो. मांजर मात्र चकार शब्द बोलत नाही.

तीन भाग झाल्यावर नातवाने विचारलं, "आजोबा, मांजर सांगत का नाही?"

मी आजोबा असल्यामुळे मला सगळं येतं अशी त्याची समजूत आहे. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "अरे, ते मांजर निष्काम कर्म करतं. काम करावं, फळाची आशा धरू नये, असं आपल्या गीतेत सांगितलंय."

"मग फळ कोणी खायचं?"

आता यावर काय बोलणार? मी त्याला दूध प्यायला पाठवलं. पण दुधाने त्याचं तोंड बंद झालं, माझं डोकं चालूच राहिलं. खरंच, फळाची आशा धरू नकोस हे काम करणाऱ्याला सांगितलेलं आहे. शेजारच्याने ते उचलून खावं, अशी परवानगी त्यात कुठे दिली आहे? आपण मात्र हा उपदेश नेमका दुसऱ्याला करतो. तोही बहुधा तोंडात फळ असताना.

शिवाय शनिवार! आमच्याकडे शनिवार हा मुळात मदतनिसाचाच वार. समुद्र ओलांडला, सीतेचा शोध लावला, द्रोणागिरी उचलून आणला, ही सगळी मारुतीची कामं. नायक राम. पण रामाने त्याचं श्रेय कधी लपवलं नाही, भर सभेत त्याला पोटाशी धरलं. परिणाम काय झाला? रामाचं देऊळ गावात असेल-नसेल, मारुतीचं असतंच. आणि म्हणून राम तसूभरही लहान झाला नाही. मदतनिसाचं नाव घेतल्याने नायकाची उंची कमी होते, ही भीती बुटक्या नायकांनाच असते.

हे लिहिताना माझी स्वतःची उंची मोजणं भाग आहे.

१९८७ साल. चौथ्या वेतन आयोगाच्या शिफारशी लागू झाल्या होत्या आणि आमच्या सरकारी कचेरीत सगळ्यांची पगारनिश्चिती करून थकबाकी काढायचं काम माझ्याकडे आलं. मी तक्ते केले, सहीसाठी बांधूनही ठेवले. शेजारच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी सहज चाळले आणि हळूच म्हणाले, "वेतनवाढीची तारीख सगळीकडे चुकलीय हो." सगळीकडे म्हणजे खरोखरच सगळीकडे. पुढचे तीन आठवडे भाऊसाहेब कचेरी सुटल्यावर बसत आणि तक्ते पुन्हा करत. मीही बसे, पण मुख्यतः चहा सांगायला. काम वेळेत झालं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी तोंड उघडलं, पण त्यातून 'थँक्यू सर' एवढंच बाहेर पडलं. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात माझ्या नावापुढे 'अत्युत्कृष्ट' असा शेरा पडला आणि पुढे बढतीही मिळाली. भाऊसाहेब आपल्या टेबलावरच राहिले.

ते १९९६ साली निवृत्त झाले. निरोप समारंभात भाषण कोणी केलं? मी. 'प्रसिद्धिपराङ्मुख' हा शब्द न अडखळता म्हटला, टाळ्या घेतल्या. मग त्यांना शाल, श्रीफळ आणि गीतेची प्रत दिली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या वाट्याला आलेलं एकमेव फळ म्हणजे तो नारळ.

तेव्हा फूईला हसण्याचा मला काय अधिकार? उलट फूई माझ्यापेक्षा बरा. त्याला मनापासून वाटतं की चोर आपणच पकडला. तो मूर्ख आहे, लबाड नाही. न मिळवलेलं श्रेय अजाणता घेणाऱ्याला फार तर हसावं. जाणूनबुजून घेणाऱ्याचं काय करावं? खोटं तर मी एक अक्षर बोललो नव्हतो. फक्त खरं बोलायची वेळ आली तेव्हा पेढे वाटत होतो.

परत आलो आणि एका रविवारी डोंबिवलीला भाऊसाहेबांकडे गेलो. पंचाऐंशीचे झालेत, कान गेलेत. त्यामुळे कबुलीजबाब मला ओरडून द्यावा लागला. पाप हळू आवाजात करता येतं, कबुलीला ती सोय नाही.

ते हसले. "अहो, एवढंच ना? मला काय ठाऊक नव्हतं? सोडा हो."

मी सुटकेचा निःश्वास टाकणार तेवढ्यात म्हणाले, "पण एक करा. हे जरा हिला सांगा."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी पुन्हा सगळं सांगितलं. तीन आठवडे, तक्ते, शेरा, बढती. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तेव्हा धाकटीला कांजिण्या आल्या होत्या. हे रोज रात्री दहाला घरी. मी समजत होते, कुठेतरी पत्ते कुटत बसतात."

मी भाऊसाहेबांना विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही त्यांना?"

"सांगितलं होतं की. पण आपण सांगितलं तर ती सबब होते. दुसऱ्याने सांगितलं तर साक्ष."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला नाही की मला दोष दिला नाही. "बसा, थालीपीठ लावते," म्हणाल्या आणि आत गेल्या. पहिलं थालीपीठ मात्र त्यांनी भाऊसाहेबांच्या ताटात वाढलं. पाहुणा असून मला दुसरं.

भाऊसाहेबांना फळ नको होतं, हे खरं असेल. पण त्या फळाची किंमत घरात कोणीतरी मोजत होतं, हे मी कधी धरलंच नव्हतं. निष्काम माणसालाही बायको असते, कांजिण्या आलेली मुलगी असते. त्यांनी कुठे संन्यास घेतलेला असतो?

रात्री नातवाचा फोन आला. त्याची तिकडे सकाळ. म्हटलं, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. मांजराने सांगायचंच नसतं. ते काम कुत्र्याचं."

"पण कुत्र्याला तर माहीतच नसतं."

"म्हणून तो सुटतो."

"आणि माहीत असलं तर?"

"तर डोंबिवलीला जावं लागतं."

"लांब आहे का?"

"बरंच," मी म्हणालो. "मला पोचायला ३६ वर्षं लागली."