सलंगावरून वाहणारं पाणी

नागभीड तालुक्यातल्या कुठल्याही मामा तलावाच्या पाळीवर बसा. ‘माजी मालगुजारी’ आखडून ‘मामा’ झालं. मालगुजार गेले, नात्यासारखं ऐकू येणारं नाव राहिलं. श्रावण आहे. बांध्यांत धान उभं आहे. घाई करू नका.

आधी नुसतं ऐका. एका अंगाने ओढा तलावात शिरतोय, दुसऱ्या अंगाने सलंगावरून जास्तीचं पाणी सांडतंय. जेवढं आलं तेवढं गेलं. पातळी बोटभरही हलत नाही.

आता ओंजळीत पाणी घ्या. हिरवट झाक दिसते ती एकपेशी शेवाळाची. त्यातच, नजरेला न दिसणारे रोटिफर डोक्यावरचे केस चाकासारखे फिरवत शेवाळ तोंडात ओढताहेत.

ओंजळ तशीच धरून ठेवा. रोज तलावाचा कितवा हिस्सा वाहून जातो? दहावा जात असेल, तर थेंबाचा मुक्काम सरासरी दहा दिवसांचा. तेवढ्या मुदतीत रोटिफरने आपल्या जागी दुसरा ठेवायचा. नाही जमलं, तर सलंग आहेच.

लोटका आणि व्होल्टेरा यांनी १९२५-२६ मध्ये भक्ष्य-भक्षकांची समीकरणं मांडली, तेव्हा सलंगाला त्यात जागाच नव्हती. शिवाय भक्ष्याच्या वाढीला त्यात मर्यादाही नव्हती; म्हणून त्या समीकरणांतल्या, दोघांच्या संख्येच्या लाटा कधी विरत नाहीत. १९५० साली पॅरिसला झाक मोनो यांनी, आणि अमेरिकेत नोव्हिक व झिलार्ड यांनी, काचेच्या भांड्यात सतत वाहता तलाव बांधला: केमोस्टॅट. पुढे २००० साली छापून आलेल्या एका प्रयोगात त्यात क्लोरेला शेवाळ आणि रोटिफर सोडले होते. प्रवाह अगदी मंद, तर दोघंही स्थिर. जरा वाढवला की लाटा: शेवाळ फोफावलं, मागोमाग रोटिफर, शेवाळ संपत आलं, मग रोटिफरही. आणखी वाढवला की लाटा शमल्या. त्याहून वाढवला तेव्हा रोटिफर वाहून गेले.

इथे जरा थांबा. खाणारा आधी गेला, पण उपाशी नाही. शेवाळ तर चिकार होतं. त्याची वीण पाण्याच्या वेगाला पुरली नाही, एवढंच.

या मुलखात खाणारा म्हटलं की डोळ्यांपुढे वाघच येतो. माझीही नजर उगाच झुडपाकडे जाते. पण वाघाला हे गणित जसंच्या तसं लावू नये; तो आपल्या पायांनी जातो.

ओंजळ सोडा. सलंगाखाली, पाण्याबरोबर उतरलेली मासोळी वेचायला पोरं टोपल्या घेऊन उभी आहेत.