दांडा हातीं घेतल्यावांचून

दुसऱ्याच्या अंगच्या सर्व दोषांत आळस हा दोष आपल्याला सर्वांत लवकर दिसतो, आणि तो सिद्ध करण्यास पुराव्याची गरज सर्वांत कमी भासते. चोरीचा आरोप करावयाचा तर वस्तु नाहींशी झाल्याचें दाखवावें लागतें. खोटेपणाचा आरोप करावयाचा तर खरें काय तें आपणांस ठाऊक असावें लागतें. आळसाच्या आरोपाला मात्र एक खुर्ची, एक खिडकी आणि खिडकीबाहेर काम करणारा एक मनुष्य एवढी सामग्री पुरते. हा आरोप मीं स्वतः केलेला आहे. तो कसा खोटा ठरला, आणि त्यांतून मला काय शिकावें लागलें, तें वाचकांपुढें ठेवावें अशी इच्छा आहे.

आमच्या पुण्यांतील घरापुढें हरळीची लहानशी हिरवळ आहे. हरळी शेतकऱ्याची शत्रु. काळ्या रानांत ती एकदां शिरली कीं खणतां खणतां माणूस थकतो, पण ती थकत नाहीं. तीच दूर्वा होऊन गणपतीच्या मस्तकीं चढते; आणि आमच्यासारख्यांच्या अंगणांत ती सुशिक्षितपणाचें चिन्ह होऊन बसते. गवताची वाढ शेंड्याकडून नव्हे तर बुडाकडून होत असल्यामुळें तें कापलें तरी मरत नाहीं, उलट दाट होतें. म्हणून पावसाळ्यांत दर आठवड्याला तें कापणें आलें, आणि त्यासाठीं आमच्याकडें हातानें ढकलावयाचें एक यंत्र आहे.

या यंत्राचा जन्म मोठा मौजेचा आहे. इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर परगण्यांतील स्ट्राउडच्या आसपास लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावरची लव सारखी कातरण्यासाठीं तेथें फिरत्या पात्यांचें एक यंत्र वापरीत. तें पाहून एडविन बडिंग नांवाच्या कारागिराला वाटलें कीं कापडावरची लव कातरतां येते, तर जमिनीवरचें गवत कां कातरतां येऊं नये? १८३० सालीं त्यानें आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि जवळच्याच थ्रप गांवीं जॉन फेराबी याच्या ओतीव कामाच्या कारखान्यांत तें तयार होऊं लागलें. तोंवर हिरवळी मोठ्या कोयत्यांनीं कापीत, आणि तेंही पहाटे गवत दंवानें ओलें असतांना. नव्या यंत्राला कोरडें गवत चालूं लागलें. पेटंटच्या कागदांत बडिंगनें असेंही सुचविलें होतें कीं खेड्यांत राहणाऱ्या सधन गृहस्थांनीं हें यंत्र स्वतः चालविल्यास त्यांना करमणूक आणि आरोग्यदायी व्यायाम दोन्ही लाभतील. या वाक्याकडे मला पुढें पुन्हां यावयाचें आहे.

यंत्राची रचना साधी आहे. दोन चाकांच्या मध्यें पिळदार पात्यांचा एक पिंजरा असतो, आणि त्याच्या खालीं एक सरळ, स्थिर पातें. चाकें फिरलीं कीं दांत्यांच्या योगानें पिंजरा त्यांच्याहून अधिक वेगानें फिरतो, आणि फिरतें पातें व स्थिर पातें यांच्यामध्यें गवत कात्रींत सांपडावें तसें सांपडतें. ढकलणारा थांबला कीं सर्व थांबतें. वीज नाहीं, तेलाचें इंजिन नाहीं. जें काय बळ आहे तें ढकलणाऱ्याच्या खांद्यांचें.

गेलीं दहा-बारा वर्षें हें काम एक माळीबुवा करीत आले आहेत. वयानें ते माझ्याहून सात-आठ वर्षांनीं वडील असतील. दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या तोंडीं मला दिसलें कीं गवत स्वच्छ कापलें जात नाहीं. मधून मधून पातीं वाकून तशींच उभीं राहतात. यंत्राबरोबर आलेलें छोटें पुस्तक मीं चाळलें, पात्यांमधलें अंतर कमी करण्याचे स्क्रू कोणते तें पाहिलें, आणि ते आवळले. कात्री सैल झाली तर कापीत नाहीं. तेव्हां जितकी घट्ट तितकी तिची धार अधिक, असा माझा तर्क होता. तर्कशास्त्र शिकविण्यांत ज्याचीं पंचवीस वर्षें गेलीं आहेत, त्याला स्वतःच्या तर्काविषयीं संशय येण्याचें कारण नव्हतें.

त्या पावसाळ्यांत माळीबुवा प्रत्येक ओळीच्या शेवटीं थांबूं लागले. तासाभराच्या कामाला दोन तास लागूं लागले. मी खिडकींतून पाहत होतों. एके दिवशीं मीं विचारलें, "माळीबुवा, एवढ्याशा हिरवळीला दोन तास?"

"मशीन जड चालतंय, साहेब."

"मशीन तेच आहे. माणूस जड झाला असेल."

ते कांहीं बोलले नाहींत. माझी कोटी मला आवडली होती. दुसऱ्या दिवशीं कॉलेजांत चहाच्या वेळीं ती मीं दोघां-तिघांना सांगितली, आणि तेही हंसले.

भाद्रपद लागण्यापूर्वीं माळीबुवा मुलीच्या बाळंतपणासाठीं तीन आठवडे गांवीं गेले. गणपतीला येणाऱ्या पाहुण्यांपुढें वाढलेलें गवत नको, म्हणून एका रविवारीं मींच यंत्र बाहेर काढलें. दुसरी ओळ संपेपर्यंत मला धाप लागली. प्रथम वाटलें, वय झालें. मग आठवलें कीं माळीबुवांचें वय माझ्याहून अधिक आहे.

मीं यंत्र उलटें करून पिंजरा हातानें फिरवून पाहिला. तो फिरेना. स्थिर पात्याच्या कडेवर लोखंड लोखंडावर घासल्याचा चकचकीत पट्टा दिसत होता. पुस्तक पुन्हां उघडलें. तेथें स्पष्ट लिहिलें होतें कीं दोन्ही पातीं एकमेकांना जेमतेम स्पर्श करावीं इतकींच जवळ असावीं. वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी मध्यें धरावी, आणि ती स्वच्छ कापली गेली कीं थांबावें. मीं आवळण्याची कृति वाचली होती, थांबण्याची वाचली नव्हती. दोन्ही बाजूंचे स्क्रू हळूहळू सैल केले, कागद कापून पाहिला, सांध्यांत तेल सोडलें. तिसरी ओळ मीं जवळजवळ चालत चालतच कापली.

त्या ओळीच्या शेवटीं मी थांबलों, तो थकव्यानें नव्हे. सबंध पावसाळाभर माळीबुवांच्या श्रमाचा मोठा भाग गवत कापण्यांत नव्हे, तर लोखंडावर लोखंड घासण्यांत गेला होता. चूक माझी होती; तिची किंमत त्यांच्या खांद्यांनीं भरली होती; आणि त्या भरण्यालाच मीं आळस हें नांव दिलें होतें.

ही हकीकत ऐकून एका मित्रानें आक्षेप घेतला, "मग काय, ज्यानें स्वतः काम केलें नाहीं त्यानें कोणाच्या कामाविषयीं बोलूंच नये? कविता वाईट आहे हें सांगावयाला टीकाकारानें कवि असावें लागतें काय?" आक्षेप विचार करण्याजोगा आहे. मला वाटतें, येथें दोन निवाडे वेगळे केले पाहिजेत. एक निवाडा कामाच्या फळाचा, दुसरा कामाच्या कष्टाचा. भाकरी करपली आहे हें जेवणारा खुशाल सांगूं शकतो. त्यासाठीं चुलीपाशीं बसण्याची गरज नाहीं. पण लांकडें ओलीं होतीं कीं काय, हें चूल फुंकणारीलाच ठाऊक असतें. गवत नीट कापलें गेलें नाहीं, हें मला खिडकींतून दिसत होतें आणि तें खरेंही होतें. मनुष्य आळशी आहे, हें मला दिसत नव्हतें. तें मीं अनुमानलें होतें. फळ डोळ्यांना दिसतें. कष्ट दिसत नाहींत. दिसणाऱ्यावरून न दिसणाऱ्याचा निकाल देणें, यांत अन्यायाचें बीज आहे.

हें बीज केवळ अंगणांतच रुजतें असें नाहीं. किती उत्तरपत्रिकांवर मीं 'अभ्यासांत हयगय' असा शेरा मारला असेल! उत्तर चुकीचें होतें हें मला दिसत होतें. हयगय मला कोठें दिसली होती?

गांधीजींनीं १९०४ सालीं जोहान्सबर्गहून दरबानला जातांना आगगाडींत रस्किनचें 'अन्टु धिस लास्ट' वाचलें. वकिलाच्या कामाचें मोल न्हाव्याच्या कामाइतकेंच आहे, हा त्यांतून घेतलेला एक धडा त्यांनीं आत्मचरित्रांत नोंदविला आहे. तो धडा मी वर्षानुवर्षें वर्गांत समजावून देत आलों. समजावून देतां येणें म्हणजे समजणें नव्हे.

आतां बडिंगच्या त्या सधन गृहस्थांकडे वळूं. यंत्र स्वतः ढकललें कीं मालक आणि माळी सारखे झाले, असें मी म्हणत नाहीं. माझी धाप हा व्यायाम होता. मला हवें तेव्हां मी खुर्चींत जाऊन बसूं शकत होतों. माळीबुवांची धाप ही मजुरी होती, आणि तिला तशी सुटी नव्हती. शिवाय स्वावलंबनाच्या उत्साहांत मीं हें काम कायमचें आपल्याकडें घेतलें असतें, तर माझ्या पुण्याची किंमतही पुन्हां त्यांनींच भरली असती. दांडा हातीं घेतल्यानें समता येत नाहीं. ज्ञान मात्र येतें, आणि समतेची गोष्ट बोलण्यापूर्वीं तेवढें तरी असावें.

माळीबुवा परत आल्यावर मीं त्यांना सांगितलें, "चूक माझी होती. पाती मीच जास्त आवळून ठेवली होती." हें वाक्य बोलणें मला व्याख्यानापेक्षां कठीण गेलें. त्यांनीं एक ओळ ढकलून पाहिली आणि म्हणाले, "मला वाटलंच होतं, साहेब. पण तुम्ही पुस्तक वाचून केलं होतं."

या उत्तरांत उपहास नव्हता. असता तर मला बरें वाटलें असतें. त्यांच्या हातांना जें कळत होतें तें माझ्या पुस्तकापुढें त्यांनीं मागें घेतलें होतें, आणि जेवढें बोलून दाखविलें तेवढ्यावर मीं कोटी केली होती.

त्या दिवसापासून त्यांची मजुरी मीं वाढविली, आणि पात्यांचे स्क्रू फिरविण्याचा अधिकार त्यांच्याकडें गेला. काम झाल्यावर यंत्र पुसून कोरडें करणें व तेल देणें हें माझ्याकडें. वर्षांतून एकदां आम्ही दोघे मिळून पात्यांना कुरुंदाच्या भुकटीचा लेप लावतों आणि पिंजरा उलटा फिरवून धार काढतों; कागदाची पट्टी ते धरतात. महिन्यांतून एक रविवार हिरवळ मी कापतों. मजुरी त्या आठवड्याचीही दिली जाते.

बाकीचे आठवडे मी अजूनही खिडकींतच असतों. मात्र ते थांबलेले दिसले, तर आतां मी बाहेर जातों, "आज कसं चालतंय?" असें विचारतों, आणि उत्तर मिळेपर्यंत उभा राहतों.